संज्ञापन, कला व तंत्रज्ञान शिक्षण (यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ)

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातील संज्ञापन, कला व तंत्रज्ञान शिक्षण म्हणजे नाशिक येथील या विद्यापीठात दूरशिक्षण पद्धतीने दिले जाणारे पत्रकारिता, भाषा, साहित्य, दृश्यमाध्यमे व संगणक या विषयांचे शिक्षण होय. जगातील काही विद्यापीठांत संज्ञापन, कला व तंत्रज्ञान यांची एकत्रित विद्याशाखा असते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात अशी एकच विद्याशाखा नाही. हे विषय मुख्यतः मानव्यविद्या व सामाजिकशास्त्रे विद्याशाखा, संगणकशास्त्र विद्याशाखा आणि वास्तुकला, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा यांच्यात विभागलेले आहेत. पाठ्यपुस्तके, ध्वनिफिती, चित्रफिती व संगणकीय साधने यांवरच विद्यापीठाचे सर्व अध्यापन आधारलेले असल्यामुळे संज्ञापन हा येथे शिकवण्याचा विषय आहे, तसेच ते शिकवण्याचे साधनही आहे.

## पार्श्वभूमी

नाशिक शहरात कलाशाखेच्या उच्च शिक्षणाची सुरुवात गोखले एज्युकेशन सोसायटीच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयाने झाली. या महाविद्यालयाची स्थापना १९२४ मध्ये झाली. कवी वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज हे तेथील विद्यार्थी होते, तर नाटककार वसंत कानेटकर यांनी तेथे इंग्रजीचे अध्यापन केले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये त्या विद्यापीठाशी संलग्न झाली.

कला व तंत्रज्ञान यांच्या मेळाची परंपरा नाशिक परिसरात विद्यापीठाच्या बरीच आधीची आहे. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी छायाचित्रण, मुद्रण व चित्रपट ही तिन्ही तंत्रे आत्मसात केली होती. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी आपले निर्मितिकार्य नाशिकला हलवले. १९४४ मध्ये नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. 'गावकरी' व 'देशदूत' या दैनिकांमुळे नाशिक हे उत्तर महाराष्ट्रातील मराठी पत्रकारितेचे एक केंद्र बनले.

मात्र नियमित महाविद्यालयात जाऊ न शकणाऱ्यांसाठी उच्च शिक्षणाची सोय मर्यादित होती. शेती, नोकरी, घरकाम किंवा लवकर झालेले लग्न यांमुळे ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांच्यापुढे बहिःस्थ परीक्षेचाच मार्ग असे. त्या पद्धतीत विद्यापीठ परीक्षा घेई. शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसे. मुक्त विद्यापीठाची कल्पना या ठिकाणी वेगळी ठरते. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या घरी पोहोचणारे, खास तयार केलेले अध्ययनसाहित्य व नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांच्या साहाय्याने पदवीचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. भारतात १९८२ मध्ये हैदराबाद येथे पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८५ मध्ये दिल्ली येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले.

## स्थापना

महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या १९८९ च्या अधिनियमान्वये जुलै १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. हे देशातील पाचवे मुक्त विद्यापीठ होय. विद्यापीठाला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण (१९१३–१९८४) यांचे नाव देण्यात आले. चव्हाण यांचा नाशिकशी राजकीय संबंधही होता; केंद्रात संरक्षणमंत्री झाल्यानंतर १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातच साहित्य संस्कृती मंडळ व भाषा संचालनालय या संस्थांद्वारे मराठीला ज्ञानभाषा व राज्यभाषा म्हणून घडवण्याचे काम सुरू झाले. मुक्त विद्यापीठाने पुढे मराठीतून उच्च शिक्षण देताना या कामाचा आधार घेतला.

पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होत. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक शहराच्या पश्चिमेस गोवर्धन परिसरात, गंगापूर धरणाजवळ असून त्या परिसरास 'ज्ञानगंगोत्री' असे नाव आहे. गोदावरीला नाशिककर 'गंगा' म्हणतात. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे ब्रीदवाक्य त्याच प्रतिमेवर बेतलेले आहे.

## विद्याशाखांची रचना

पारंपरिक विद्यापीठात विद्याशाखेचा प्रमुख अधिष्ठाता असतो व अध्यापन मुख्यतः संलग्न महाविद्यालयांत चालते. मुक्त विद्यापीठात विद्याशाखेचा प्रमुख संचालक असतो. शिक्षणक्रमाची आखणी करणे, लेखक व संपादक नेमणे, अध्ययनसाहित्य तयार करून घेणे आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवणे ही विद्याशाखेची प्रमुख कामे आहेत. विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष संपर्क अभ्यासकेंद्रांमार्फत होतो. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण महाराष्ट्र असून अमरावती, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, नागपूर, नाशिक, पुणे व मुंबई येथे विभागीय केंद्रे आहेत.

विद्यापीठाच्या परिभाषेत पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र यांकडे नेणाऱ्या संपूर्ण योजनेस 'शिक्षणक्रम' आणि त्यातील एकेका विषयास 'अभ्यासक्रम' म्हणतात. अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकास 'समंत्रक' ही संज्ञा आहे. व्याख्यान देणे हे त्याचे मुख्य काम मानले जात नाही. विद्यार्थ्याने स्वतः वाचलेल्या मजकुरातील अडचणी सोडवणे व त्याला अभ्यासाची दिशा देणे हे समंत्रकाचे काम होय. अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारणतः ३० तासांचा अभ्यास. म्हणजेच चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमासाठी १२० तास अपेक्षित असतात. त्यात स्वतःचे वाचन, स्वाध्याय, दृक्‌श्राव्य साधनांचा वापर व संपर्कसत्रे या सर्वांचा समावेश होतो.

## संज्ञापन व पत्रकारिता

पत्रकारितेचे शिक्षण मानव्यविद्या व सामाजिकशास्त्रे विद्याशाखेच्या कक्षेत येते. या विषयाच्या नावात 'वृत्तपत्रविद्या' व 'जनसंज्ञापन' असे दोन शब्द येतात. पहिला शब्द छापील पत्रकारितेच्या काळातील आहे. नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, जनसंपर्क व पुढे संगणकीय माध्यमे यांचा अंतर्भाव करण्यासाठी दुसरा शब्द रूढ झाला. 'संज्ञापन' या शब्दात एकाने सांगणे व दुसऱ्याला ते समजणे या दोन्ही क्रिया अभिप्रेत आहेत. बोलीभाषेत त्यासाठी 'संवाद' हा शब्द अधिक चालतो.

महाराष्ट्रात पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण दीर्घकाळ मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत केंद्रित होते. जिल्हा व तालुका पातळीवरील वार्ताहर मात्र बहुधा शिक्षक, वकील, दुकानदार किंवा वृत्तपत्र विक्रेता असे आणि बातमीदारी हे त्याचे जोडकाम असे. व्यवसाय सोडून वर्षभर शहरात राहणे त्याला परवडत नसे. बातमीचे लेखन, संपादन, मुद्रितशोधन, मुद्रण व वृत्तपत्रविषयक कायदे यांचे पद्धतशीर ज्ञान अशा कार्यरत वार्ताहरास मराठीतून व त्याच्या गावाजवळच मिळणे, ही दूरशिक्षणातील या विषयाची मुख्य उपयुक्तता होय.

या विषयात दूरशिक्षणाची अडचणही स्पष्ट दिसते. बदनामीचा कायदा, माध्यमांचा इतिहास किंवा संज्ञापनाचे सिद्धान्त वाचून समजू शकतात. बातमी लिहिणे मात्र ती कोणीतरी तपासून, तांबड्या शाईने दुरुस्त करून परत दिल्याशिवाय येत नाही. त्यामुळे अशा शिक्षणक्रमांत संपर्कसत्रे, प्रात्यक्षिक काम व प्रकल्प यांना महत्त्व असते. अभ्यासकेंद्रावर अनुभवी पत्रकार समंत्रक म्हणून उपलब्ध आहे की नाही, यावर शिक्षणाचा दर्जा बराच अवलंबून राहतो.

ग्रंथालय व माहितीशास्त्राचे शिक्षणक्रमही याच विद्याशाखेत आहेत. माहितीचे वर्गीकरण, तालिकीकरण व संगणकीकरण यांचे शिक्षण देणारा हा विषय संज्ञापन व तंत्रज्ञान यांना जोडणारा आहे.

## भाषा, साहित्य व कला

कला शाखेची पदवी हा मानव्यविद्या व सामाजिकशास्त्रे विद्याशाखेचा प्रमुख शिक्षणक्रम आहे. भाषा व साहित्य यांबरोबरच इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन असे विषय त्यात शिकवले जातात. गांधी विचार दर्शन व मानवी हक्क यांसारखे छोटे शिक्षणक्रमही या विद्याशाखेने चालवले आहेत.

साहित्याच्या क्षेत्रात विद्यापीठाचे कार्य शिक्षणक्रमांपुरते मर्यादित नाही. विद्यापीठात कुसुमाग्रज अध्यासन आहे. नवोदित कवींच्या पहिल्या काव्यसंग्रहांसाठी 'विशाखा' काव्य पुरस्कार दिला जातो. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विशाखा' या कुसुमाग्रजांच्या काव्यसंग्रहावरून पुरस्काराचे नाव ठेवलेले आहे. अन्य भारतीय भाषांतील साहित्यिकांना कुसुमाग्रजांच्या नावाने राष्ट्रीय साहित्य पुरस्कार देण्यात येतो. दलित साहित्यातील अग्रणी कथाकार बाबूराव बागूल यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील असून त्यांच्या नावाने विद्यापीठातर्फे कथा पुरस्कार दिला जातो. या पुरस्कारांमुळे लेखनाच्या आरंभीच्या टप्प्यावर असलेल्या लेखकांची दखल घेतली जाते.

## दृश्यमाध्यमे व संगणक

विज्ञान व तंत्रज्ञानाच्या विद्याशाखेने माध्यम-आरेखन व सचेतपट या विषयाचा विज्ञान शाखेतील पदवी शिक्षणक्रम सुरू केला. रेखाटन, आकृतिबंध, रंगयोजना व कथनाची मांडणी ही कलेची अंगे आणि संगणकावरील आरेखन, ध्वनिसंस्करण व चित्रसंकलन ही तंत्राची अंगे या शिक्षणक्रमात एकत्र येतात. संगणक, संगणकप्रणाली व प्रयोगशाळा यांची गरज असल्यामुळे असा शिक्षणक्रम केवळ टपालाने पाठवलेल्या पुस्तकांवर चालू शकत नाही. तो साधनसामग्री असलेल्या अभ्यासकेंद्रांमार्फतच चालवावा लागतो.

संगणकशास्त्र विद्याशाखेत संगणक उपयोजनाचे पदवी व पदव्युत्तर शिक्षणक्रम आहेत. संगणक साक्षरतेच्या प्रसाराला महाराष्ट्रात २००१ नंतर वेग आला. त्या वर्षी राज्य शासन व राज्यातील विद्यापीठे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित ही कंपनी स्थापन झाली. तिचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम गावोगावच्या खासगी संगणक केंद्रांतून शिकवला जाऊ लागला. स्थानिक केंद्र, मध्यवर्ती अभ्यासक्रम व एकसमान परीक्षा ही या अभ्यासक्रमाची रचना मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्र पद्धतीशी मिळतीजुळती आहे.

## स्वयं-अध्ययन साहित्य

मुक्त विद्यापीठाचे पाठ्यपुस्तक हे नेहमीच्या संदर्भग्रंथापेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिले जाते. ते 'घटकां'त विभागलेले असते. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे दिलेली असतात. त्यानंतर प्रास्ताविक व छोट्या उपघटकांत मांडलेले विषय-विवेचन येते. विवेचनाच्या अधूनमधून स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न असतात. घटकाच्या शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द, प्रश्नांची उत्तरे व अधिक वाचनासाठी पुस्तके यांचा समावेश असतो. वर्गातील विद्यार्थी न समजलेल्या ठिकाणी हात वर करू शकतो. घरी एकटा वाचणारा विद्यार्थी तसे करू शकत नाही. म्हणून त्याला कोठे अडचण येईल याचा अंदाज लेखकाला आधीच बांधावा लागतो. घटकातील प्रश्न व त्यांची उत्तरे ही त्यासाठीची योजना होय.

असे साहित्य सामान्यतः एकट्या लेखकाकडून तयार होत नाही. विषयतज्ज्ञ मजकूर लिहितो, दुसरा तज्ज्ञ आशय तपासतो, दूरशिक्षणाचा जाणकार मांडणी पाहतो व भाषासंपादक मजकूर सुबोध करतो. पारिभाषिक शब्दांचा प्रश्न या प्रक्रियेत वारंवार उपस्थित होतो. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतील संस्कृतनिष्ठ संज्ञा वापरल्यास मजकूर शास्त्रीय व एकसारखा राहतो, परंतु नवख्या वाचकाला तो कठीण वाटू शकतो. व्यवसायात रुळलेला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्यास तो लगेच समजतो, पण मराठी परिभाषा वाढत नाही. पत्रकारिता व संगणक या विषयांत हा पेच विशेष तीव्र आहे. 'उपसंपादक', 'अग्रलेख', 'मुद्रितशोधन' हे शब्द वृत्तपत्रांच्या वापरातून सर्वमान्य झाले. संगणकाच्या बाबतीत मात्र 'माउस', 'फाइल', 'प्रिंटर' हे शब्दच प्रचारात राहिले.

## प्रसारमाध्यमांचा वापर

विद्यापीठात दृक्‌श्राव्य केंद्र असून तेथे शैक्षणिक ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित कार्यक्रमांची निर्मिती होते. भारतात शिक्षणासाठी प्रसारमाध्यमे वापरण्याचे प्रयोग त्यापूर्वीच झाले होते. १९७५–७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत करण्यात आला. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणविषयक कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले. २००० मध्ये 'ज्ञानदर्शन' ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी असलेला देशाचा पहिला उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. २०१७ मध्ये 'स्वयम्' या राष्ट्रीय ऑनलाइन शिक्षण मंचाचे उद्घाटन झाले.

प्रत्येक माध्यमाबरोबर सोय व मर्यादा या दोन्ही बदलत गेल्या. नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील पाठ ठरावीक वेळीच लागे. त्या वेळी भारनियमन असल्यास किंवा विद्यार्थी कामावर असल्यास तो चुके. ध्वनिफीत व चित्रफीत कधीही लावता येई, पण त्यासाठी यंत्र जवळ असावे लागे. भ्रमणध्वनी व आंतरजाल यांमुळे पाठ केव्हाही पाहणे व पुन्हा पाहणे शक्य झाले. मात्र जोडणी नसलेल्या दुर्गम भागात, किंवा घरात एकच भ्रमणध्वनी असलेल्या कुटुंबात ही सोय सर्वांना सारखी मिळत नाही. त्यामुळे छापील पुस्तकाचे महत्त्व दूरशिक्षणात टिकून राहिले.

## विद्यार्थी

नोकरदार, शेतकरी, गृहिणी, शिक्षण अर्धवट सुटलेले तरुण व निवृत्त व्यक्ती हे मुक्त विद्यापीठाचे प्रमुख विद्यार्थीवर्ग आहेत. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला. तो पूर्ण केल्यावर पदवीच्या शिक्षणक्रमात प्रवेशाचा मार्ग खुला होई. या योजनेमुळे दहावी-बारावीच्या टप्प्यावर शिक्षण थांबलेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पुन्हा शिकता आले.

कारागृहांतील बंदीजनांसाठीही अभ्यासकेंद्रे आहेत. नाशिकरोड व नागपूर येथील मध्यवर्ती कारागृहांतून बंदीजन विद्यापीठाच्या परीक्षांना बसतात. तेथे विद्यार्थी बाहेर येऊ शकत नाही व ग्रंथालयेही मर्यादित असतात. अशा स्थितीत घटकांमध्ये विभागलेले, स्वतः वाचून समजेल असे पुस्तक हे अध्ययनाचे प्रमुख साधन ठरते.

## मान्यता व मर्यादा

दूरशिक्षणातून मिळालेल्या पदवीचे मोल हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न राहिला आहे. १९९१ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अंतर्गत दूरशिक्षण परिषद स्थापन झाली. २०१३ मध्ये ती विसर्जित करून नियमनाचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे देण्यात आले. आयोगाने २०१७ मध्ये मुक्त व दूरशिक्षणाविषयी नियमावली केली. २०२० च्या नियमावलीत दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण या दोन्हींचा एकत्र विचार करण्यात आला. मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतींनी मिळालेली पदवी त्याच विषयातील पारंपरिक पदवीशी समकक्ष मानली जाते, अशी तरतूद तीत आहे.

प्रवेशाच्या लवचीकतेला न्यायालयीन निर्णयांनी काही मर्यादा घातल्या. तमिळनाडूतील चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेच्या प्राचार्यपदावरील नेमणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आधी पदवी न घेता मुक्त पद्धतीने मिळवलेली पदव्युत्तर पदवी त्या पदासाठी ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्णय २००९ मध्ये देण्यात आला. पदवी, मग पदव्युत्तर पदवी हा क्रम मुक्त शिक्षणातही आवश्यक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निर्णय देताना तंत्रशिक्षणातील प्रात्यक्षिकांचे महत्त्व अधोरेखित केले. हे खटले महाराष्ट्राबाहेरील संस्थांशी संबंधित असले तरी दूरशिक्षणातून काय शिकवता येते, या देशपातळीवरील चर्चेवर त्यांचा परिणाम झाला.

संज्ञापन, कला व तंत्रज्ञान यांबाबत या प्रश्नाचे उत्तर विषयागणिक वेगळे आहे. साहित्य, इतिहास किंवा माध्यमांचे कायदे यांसारख्या वाचनप्रधान विषयांत चांगले पुस्तक व नियमित मार्गदर्शन पुरेसे ठरू शकते. बातमीलेखन, चित्रसंकलन व सचेतपट यांत हाताने केलेले काम दुसऱ्याच्या नजरेखालून जावे लागते. या विषयांतील पदवी घेतलेल्याला प्रत्यक्ष काम किती येते, हे तालुक्याच्या ठिकाणचे अभ्यासकेंद्र, तेथील समंत्रक व उपलब्ध साधने यांवर ठरते.